‘काय बदललं’पासून ‘कुणाला भोवलं’पर्यंत : पहिला संशोधन प्रकल्प करणाऱ्यांसाठी

दरवर्षी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायची तारीख जवळ आली की एक कागद माझ्या टेबलावर हमखास येतो. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘हवामान बदलाचे समाजावर होणारे परिणाम : एक अभ्यास’. आणणारा विद्यार्थी हुशार असतो, तळमळही खरी असते. तरी कागद मी परत करते. त्या शीर्षकात जागा नाही, काळ नाही, माणूस नाही. (‘एक अभ्यास’ हे शब्द तर शीर्षकात घालूच नका. तुम्ही अभ्यास केला आहे, हे परीक्षकाला आधीच माहीत असतं.)

पर्यावरणातला बदल आणि समाजाचे आजचे प्रश्न यांवर पहिल्यांदाच प्रकल्प किंवा लघुप्रबंध करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. विज्ञानाकडून आलेली मुलं महिनोन्‌महिने आकडे गोळा करतात आणि शेवटी माणसांवर एक प्रकरण चिकटवतात. समाजशास्त्राकडून आलेली मुलं मुलाखती मन लावून घेतात आणि सुरुवातीला तापमानवाढीची दोन पानं कुठूनतरी आणून जोडतात. दोन्हीकडे सांधा निखळलेलाच. आणि या विषयात खरं काम त्या सांध्यातच असतं : काय बदललं ते मोजायचं, आणि ते कुणाला भोवलं ते शोधायचं.

पहिली पायरी : प्रश्न कापून लहान करा

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची भयंकर लाट आली. एरवीच्या तुलनेत त्या आठवड्यात ७३९ माणसं जास्त दगावली. ऊन तर सगळ्या शहरावर तापत होतं. मग सगळीकडे सारखीच माणसं का गेली नाहीत? एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पीएचडीच्या काळात हे प्रकरण हाती घेतलं आणि शहराऐवजी लगतच्या दोन वस्त्यांकडे पाहिलं : नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. गरिबी आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. मृत्यूंत मात्र मोठी तफावत. पहिल्या वस्तीत दुकानं बंद पडलेली, घरं ओस, रस्त्यावर भीती. म्हातारी माणसं दार लावून आत बसली ती बसलीच. दुसऱ्या वस्तीत रस्ते गजबजलेले, चालत जाण्याच्या अंतरावर दुकानं. लोक बाहेर पडले, गारव्याला जाऊन बसले, कुणी दिसलं नाही तर कुणीतरी चौकशी केली.

थर्मामीटरवर ही तफावत दिसली नसती, आणि नुसत्या गरिबीच्या आकड्यांतही दिसली नसती. प्रश्न दोन वस्त्यांइतका लहान केल्यावर ती दिसली.

तुमच्या प्रश्नात चार खाने भरलेले हवेत : कुठे, कधीपासून कधीपर्यंत, कोण, आणि नेमकं काय. ‘पाणीटंचाईचे मुलींच्या शिक्षणावर होणारे परिणाम’ हा विषय झाला, प्रश्न नाही. ‘या एका वस्तीतल्या विहिरींची पातळी उन्हाळ्यात खाली जाते तेव्हा पाचवी ते आठवीतल्या मुलींची हजेरी किती घटते, आणि कोणत्या घरांत घटते?’ हा प्रश्न झाला. विहीर मोजता येते, हजेरीपट शाळेत असतो, घरी जाऊन बोलता येतं. सहा महिन्यांत हातावेगळं होईल एवढंच काम.

प्रश्न ठरल्यावर दोन चाचण्या लावा. एक : उत्तर ‘काही फरक पडत नाही’ असं आलं तरी तुमच्याकडे लिहायला काही उरेल का? उरणार नसेल, तर तुम्ही उत्तर आधीच ठरवून बसला आहात. दोन : जागेवर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं का? ही दुसरी चाचणी क्षुल्लक वाटते, पण अर्धे प्रकल्प तिथेच बारगळतात. चारदा जाऊ म्हणून ठरवलेलं एकदाच होतं, मग त्या एका फेरीतल्या माहितीला ताण देऊन ऐंशी पानं भरायची वेळ येते.

दुसरी पायरी : वाचा, पण संशयाने

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात किसिदुगु नावाचा भाग आहे. मोकळी गवताळ जमीन, आणि प्रत्येक गावाभोवती दाट जंगलाचं एकेक बेट. अधिकारी आणि तज्ज्ञ कित्येक दशकं सांगत आले की इथे पूर्वी सलग अरण्य होतं, लोकांनी ते तोडलं आणि ही उरलीसुरली बेटं. धोरणंही त्यावरच आखली गेली. १९९०च्या दशकात जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच यांनी तिथे राहून काम केलं. त्यांनी १९५२ची हवाई छायाचित्रं नंतरच्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहिली आणि गावातल्या वृद्धांना विचारलं. निघालं उलटंच. ती बेटं लोकांनीच वाढवली होती. गाव वसलं की भोवतीचं गवत काढलं जायचं, वणवा आत यायचा नाही, माती कसदार व्हायची, झाडं धरायची. तज्ज्ञांनी तो सगळा मुलूख उलट्या बाजूने वाचला होता.

म्हणून ‘या भागात जंगल झपाट्याने कमी होत आहे’ असं वाक्य एखाद्या लेखात भेटलं की ते उचलू नका. त्याच्या मागचा संदर्भ काढा, त्याच्याही मागचा काढा. असं चारदा मागे गेलं की बऱ्याचदा एखादा जुना अहवाल सापडतो, आणि त्यात ते वाक्य कुणाच्या तरी अंदाजावर उभं असतं.

वाचायची रीत साधी आहे. गेल्या काही वर्षांतले चार-पाच आढावा लेख आधी घ्या. त्यांच्या संदर्भसूचीतून मागे जा; आणि गूगल स्कॉलरवर ‘हा लेख पुढे कुणी उद्धृत केला’ हे पाहून पुढे या. संदर्भ सांभाळणारं झोटेरो पहिल्या दिवशीच बसवा, फुकट आहे. वाचलेल्या प्रत्येक लेखासाठी वहीत एक ओळ : जागा, काळ, पद्धत, काय सापडलं, काय राहून गेलं. वीस ओळी झाल्या की शेवटचा रकाना उभा वाचा. तुमचा प्रश्न बहुधा त्यातच असतो. चॅटबॉटला संदर्भ विचारत असाल तर माझा एकच नियम आहे : जो लेख तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही, तो सूचीत जाणार नाही. अस्तित्वातच नसलेले लेख, खऱ्या वाटणाऱ्या लेखकांच्या नावांसकट, मी विद्यार्थ्यांच्या सूचीत पाहिले आहेत.

तिसरी पायरी : बदल मोजणं

इथे जरा थांबू, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

आधी शब्द. जागतिक हवामान संघटना हवामानाची सरासरी काढायला ३० वर्षांचा काळ धरते; सध्याचा प्रमाण काळ १९९१ ते २०२०. तुमच्याकडे आठ वर्षांचा पाऊस असेल तर ‘आठ वर्षांतला पाऊस’ म्हणा, ‘हवामान बदल’ म्हणू नका. त्या आठ वर्षांनाही किंमत आहे, फक्त ती दुसऱ्या नावाने मिळवू नका.

जवळ पर्जन्यमापक नसेल तर जगभराच्या तयार नोंदी मोफत मिळतात. ईआरए-५ या संचात १९४० पासूनचं तासातासाचं हवामान आहे, पण त्याचा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा. चर्प्स हा पावसाचा संच १९८१ पासूनचा, चौकोन सुमारे ५ किलोमीटरचा. तुमची वस्ती एक किलोमीटरची असेल तर वरच्या आळीत आणि खालच्या आळीत वेगळा पाऊस पडला असं या संचांवरून सांगता येणार नाही. तरी दरवर्षी कुणीतरी सांगतंच.

उपग्रहचित्रांचंही तसंच. पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये गेला, ३० मीटरची चित्रं (म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा) १९८२ पासूनची आहेत, आणि २००८ पासून तो सगळा साठा कुणालाही फुकट मिळतो. सेंटिनेल-२ची चित्रं २०१५ पासूनची, १० मीटरची. गूगल अर्थ इंजिनमध्ये ही सगळी ब्राउझरवरच हाताळता येतात, आणि नकाशे करायला क्यूजीआयएस आहे. साधनं कधी नव्हे इतकी सोपी झाली आहेत, म्हणून चुकाही सोप्या झाल्या आहेत. मला वारंवार भेटणाऱ्या तीन सांगते.

हिरवाई मोजणारा एनडीव्हीआय निर्देशांक दोन वर्षांसाठी काढला, पण एक चित्र पावसानंतरचं आणि दुसरं कडक उन्हाळ्यातलं. निष्कर्ष : ‘वनस्पतींचा प्रचंड ऱ्हास’. ऱ्हास कसला, ऋतू बदलला. महिना तोच हवा, आणि दोन वर्षांऐवजी शक्य तितकी वर्षं हवीत.

लँडसॅट-७च्या चित्रांत काळे तिरके पट्टे दिसले आणि विद्यार्थ्याने ते ‘पडीक जमीन’ म्हणून मोजले. ३१ मे २००३ला त्या उपग्रहातला एक भाग बिघडला, तेव्हापासूनच्या प्रत्येक चित्रात ते पट्टे आहेत.

तिसरी सगळ्यात फसवी. उपग्रहावरून ‘शहराचं तापमान’ काढलं. उपग्रह पृष्ठभागाचं तापमान सांगतो : पत्र्याचं, डांबराचं, झाडाच्या शेंड्याचं. माणूस श्वास घेतो त्या हवेचं नाही. शिवाय लँडसॅट स्थानिक वेळेनुसार सकाळी दहाच्या सुमाराला वरून जातो. पत्र्याच्या घरात रात्री झोप लागत नाही हा तुमचा प्रश्न असेल, तर सकाळी दहाचं चित्र त्याचं उत्तर देणार नाही. घरात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवावं लागेल, पंधरा रात्री.

आता हाताने मोजायची एक गोष्ट जवळून पाहू : विहिरीतली पाण्याची पातळी. स्टीलचा टेप घ्या आणि टोकाकडच्या दीड-दोन मीटरला खडू फासा. कठड्यावर एक जागा ठरवून रंगाने खूण करा. प्रत्येक वेळी टेप त्याच खुणेवरून सोडायचा. टोक पाण्यात गेलं की टेप एका पूर्ण आकड्यावर खुणेशी धरा. समजा १२ मीटर. मग वर ओढा आणि खडू कुठवर भिजलाय ते वाचा. समजा ०.६४. बारातून गेले, राहिले ११.३६. पण हे अंतर कठड्यापासूनचं. कठडा जमिनीपासून ०.८० मीटर उंच असेल तर पाणी जमिनीखाली १०.५६ मीटरवर आहे. कठडा वजा करायला कुणीतरी विसरतंच, आणि मग त्या विहिरीचं पाणी शेजारच्या विहिरीपेक्षा खोल दिसायला लागतं.

मोजायची वेळही ठरलेली हवी. पंप सुरू असताना किंवा नुकता बंद झालेला असताना मोजलं तर पातळी खाली दिसते. पहाटे, उपसा सुरू होण्याआधी मोजा. वहीत तारीख, वेळ, आणि आदल्या दिवशी पंप चालला होता का हेही लिहा. पिण्याच्या विहिरीत टेप सोडण्याआधी तो स्वच्छ धुवा. एकट्याने जाऊ नका, आणि खचलेल्या कठड्यावर भार देऊन वाकू नका.

तीच खूण, तीच वेळ, तीच पद्धत. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये सुरू केलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदींना आज एवढं वजन आहे ते यामुळेच. सुरुवातीला ३१५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) आसपास असलेला आकडा ४२०च्या पुढे गेला, आणि त्यावर कुणाला बोट ठेवता आलं नाही, कारण मोजण्याची शिस्त मोडली नाही.

नमुना कसा घेतला यावर निष्कर्ष किती फिरतो, याचं अमेरिकेतल्या फ्लिंट शहराइतकं बोलकं उदाहरण मला माहीत नाही. एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या पाण्याचा स्रोत बदलला, आणि धातू झिजवणाऱ्या पाण्याने जुन्या नळांतलं शिसं विरघळू लागलं. पण अधिकृत तपासणीच्या सूचनेतच होतं की नमुना घेण्याआधी आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून ठेवा. म्हणजे नळात साठलेलं शिसं आधीच वाहून गेलेलं. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले विद्यार्थी आणि प्राध्यापक रहिवाशांसोबत कामाला लागले. त्यांनी घरोघर बाटल्या दिल्या : किमान सहा तास नळ बंद ठेवल्यावरचं पहिलं पाणी, मग ४५ सेकंदांनंतरचं, मग दोन मिनिटांनंतरचं. बाटल्या रहिवाशांनीच भरल्या. शिसं सापडलं.

हवेतल्या कणांसाठी स्वस्त सेन्सर वापरणार असाल तर एवढंच : दमट हवेत ते पीएम२.५ (अतिसूक्ष्म कण) जास्त दाखवतात. आधी काही दिवस अधिकृत केंद्राशेजारी ठेवून फरक नोंदवा.

चौथी पायरी : माणसांशी बोलणं

माझ्या एका विद्यार्थिनीची पहिली मुलाखत मी ध्वनिमुद्रणावर ऐकली. ती विचारते, ‘काकू, गेल्या वीस वर्षांत पाऊस कमी झालाय ना?’ काकू म्हणतात, ‘हो ना, झालाय की.’ पुढच्या चार घरांतही तोच प्रश्न, तेच उत्तर. पाच मुलाखती झाल्या आणि हाती काही नाही. सगळा घात त्या ‘ना’ने केला.

दुसऱ्या फेरीला तिने प्रश्न बदलला. ‘काकू, तुमची थोरली पहिलीत गेली त्या वर्षी उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचात?’ काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘मागच्या विहिरीवरून. तेव्हा दोर पुरायचा. धाकटा झाला त्या वर्षी दोराला आणखी एक तुकडा बांधला.’ माझी विद्यार्थिनी उठली, तो दोर मागून घेतला आणि टेपने मोजला. गाठीपर्यंत नऊ मीटर, गाठीच्या पुढे सव्वातीन.

या एका उत्तरात वर्ष आहे, विहीर आहे आणि चक्क माप आहे. माणसांना ‘२००४ साली काय होतं’ ते आठवत नाही. लग्न, बाळंतपण, घर बांधणं, कुणाचं जाणं हे आठवतं. म्हणून मुलाखतीच्या सुरुवातीला एका कागदावर घरातल्या घटनांची पट्टी काढा, साल घाला, आणि पुढचे सगळे प्रश्न त्या पट्टीला टांगा.

आठवणीचा आणखी एक गुण लक्षात घ्या. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली याने १९९५ मध्ये तो मांडला : प्रत्येक पिढी आपण काम सुरू केलं तेव्हाची स्थिती हीच मूळ स्थिती धरते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या तीन पिढ्यांच्या मच्छीमारांना विचारलं गेलं, आणि वृद्धांनी आटलेल्या जाती आणि ओस पडलेल्या जागा तरुणांपेक्षा कितीतरी अधिक सांगितल्या. तरुण खोटं बोलत नव्हते. त्यांनी ते मासे पाहिलेच नव्हते. म्हणून वयोगट वेगळे ठेवा, आणि ‘पूर्वी’ हा शब्द आला की लगेच विचारा : पूर्वी म्हणजे कधी?

किती माणसांशी बोलायचं? सिनॉप्सिसमध्ये ३८४ हा आकडा मंत्रासारखा येतो. तो ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटीच्या सूत्रातून आलेला आहे, आणि नमुना यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा) असेल तरच त्याला अर्थ आहे. मित्रांना लिंक पाठवून भरून घेतलेले ३८४ गूगल फॉर्म म्हणजे ३८४ मित्र. खोल मुलाखतींचा हिशेब वेगळा. ६० मुलाखती तपासणाऱ्या २००६च्या एका अभ्यासात बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच येऊन गेले होते. तुमचा गट एकजिनसी असेल तर बारा-पंधरा पुरतात. पण मग त्या नीट घ्या, प्रत्येकी तास-दीड तासाच्या, आणि घरी आल्यावर त्याच रात्री उतरवून काढा. दुसऱ्या दिवशी आवाज ऐकू येतो, चेहरा आठवत नाही.

कुणाशी बोललात यापेक्षा कुणाशी बोलणं झालं नाही, याची यादी करा. दिवसा गेलात तर मजुरीला जाणारे भेटत नाहीत. ओळखीच्या पुढाऱ्यामार्फत गेलात तर त्याच्याशी ज्यांचं पटत नाही ती घरं गळतात. आणि पाणी संपलं म्हणून जे गाव सोडून गेले, ते तर तिथे नाहीतच. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त भोवलं तेच तुमच्या नमुन्यात नाहीत. त्यांचे फोन नंबर शेजाऱ्यांकडे असतात. परवानगी घेऊन त्यांना फोन करा.

प्रश्नावली मोबाइलवर भरायची असेल तर कोबोटूलबॉक्स चांगलं, नेटवर्क नसलं तरी चालतं. आधी पाच घरांत चाचणी घ्या. त्या पाचांची उत्तरं मुख्य माहितीत धरू नका.

पाचवी पायरी : संमती

फॉर्मवर सही घेतली म्हणजे संमती झाली, असं समजू नका. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९०च्या दशकात मधुमेहाच्या संशोधनासाठी रक्त दिलं, निदान त्यांची समजूत तशी होती. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनियापासून जमातीच्या मूळस्थानापर्यंत भलतेच अभ्यास झाले. प्रकरण न्यायालयात गेलं, २०१० मध्ये ते संशोधन करणाऱ्या विद्यापीठाने तडजोड केली आणि उरलेले नमुने परत दिले. तुम्ही रक्त घेणार नसाल, पण आवाज घेता, फोटो घेता, घराचं स्थान घेता. ही माहिती कशासाठी, कुठे राहणार, कुणाला दिसणार, आणि मधेच ‘नको’ म्हटलं तर काय होणार, हे त्यांच्या बोलीत सांगा. संमती तोंडी असेल तर ती ध्वनिमुद्रित करा. विद्यापीठात नीतिशास्त्र समिती असेल तर फील्डवर जाण्याआधी तिची मंजुरी घ्या. नंतर मागून मिळत नाही.

नकाशात लोक सगळ्यात जास्त उघडे पडतात. वस्तीत एकच निळं छप्पर असेल तर ‘प्रतिसादक क्र. ७’ कोण हे सगळ्या वस्तीला कळतं. डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे या आंतरराष्ट्रीय पाहणीत घरांच्या गटांची स्थानं मुद्दाम सरकवून दिली जातात : शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात बहुतेक ५ किलोमीटरपर्यंत. तुम्हीही घराचे बिंदू छापू नका, आळीचा रंग छापा. नावं आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड घालून ठेवा.

सहावी पायरी : दोन्ही बाजू समोरासमोर

तापमान वाढतंय, स्थलांतरही वाढतंय, दोन्ही आकडे एक्सेलमध्ये टाकले आणि सहसंबंध ०.९ आला (१ म्हणजे पूर्ण जुळणं). इथे आनंदाने उडी मारू नका. १९२६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल याने दाखवलं होतं की १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमधल्या एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या विवाहांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ होता. काळाबरोबर दोन्ही घटत होते, एवढंच. चढत्या किंवा उतरत्या कोणत्याही दोन रेषा एकमेकींशी जुळतात. म्हणून आधी कल काढून टाका, मग वर्षावर्षांतले चढउतार जुळतात का पाहा : ज्या वर्षी तापमान नेहमीच्या कलापेक्षा वर गेलं, त्याच वर्षी माणसं जास्त गेली का? कल आहे की नाही हे पाहायला मान-केंडाल चाचणी आणि सेनचा उतार पुरेसे आहेत. आर किंवा पायथन या संगणकभाषांत चार ओळींचं काम.

यानंतर एक तक्ता करा. डावीकडे मोजमाप काय सांगतं, उजवीकडे लोक काय सांगतात. जिथे दोन्ही जुळतं तिथे दोन वाक्यं लिहून पुढे चला. जिथे जुळत नाही तिथे मुक्काम करा. ‘लोकांचा गैरसमज आहे’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. त्याआधी तपासा : एकूण पाऊस तेवढाच असून दोन पावसांतला खंड वाढलाय का? मापक वीस किलोमीटर दूर आहे का? पिकं बदलून पाण्याची गरज वाढली आहे का?

दोरवाल्या मुलीचं असंच झालं. चाळीस वर्षांच्या पावसाच्या नोंदींत घट दिसेना, आणि दोर तर सव्वातीन मीटरने लांबलेला. तिने वस्तीतल्या प्रत्येक पंपाचं साल विचारून काढलं. पहिला पंप आणि दोराची गाठ यांत दोनच वर्षांचं अंतर होतं. नंतर पंपांची संख्या वाढत गेली तशा वरच्या आळीच्या विहिरी खोल होत गेल्या, आणि पंप घ्यायची ऐपत नसलेली घरं खालच्या आळीतल्या विहिरीवर जायला लागली. त्या घरांतल्या मुलींची हजेरी उन्हाळ्यात घटत होती, पंपवाल्यांच्या मुलींची नव्हती. तिच्या मूळ शीर्षकात ‘हवामान बदल’ होतं. ते तिने काढलं. गाईड म्हणून मला त्या बदलाचा जितका आनंद झाला, तितका तिच्या गुणांचा झाला नाही.

सातवी पायरी : लिहिणं आणि परत जाणं

लिहायला पद्धतीच्या प्रकरणापासून बसा. ते सगळ्यात सोपं असतं, आणि काय केलं ते अजून ताजं असतं. मग निष्कर्ष, मग चर्चा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. मर्यादांच्या भागात ‘वेळेअभावी’ असं मोघम लिहू नका. कोणत्या महिन्यात मोजता आलं नाही, कोणती घरं राहिली, त्याने निष्कर्ष कुठल्या बाजूला झुकला असेल, ते लिहा. व्हायवामध्ये परीक्षक तिथेच बोट ठेवतात, आणि तुम्ही आधीच लिहिलं असेल तर त्यांच्याकडे विचारायला फारसं उरत नाही. पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणाऱ्या नियतकालिकांच्या ईमेल न उघडता काढून टाका.

सादर करण्याच्या तीनेक आठवडे आधी जागेवर परत जा. प्रबंध नव्हे, एक पान घेऊन : काय विचारलं, काय सापडलं, मोठ्या अक्षरांत, एका नकाशासह. वाचून दाखवा आणि थांबा. फ्लिंटमध्ये प्रत्येक घराला त्याच्या पाण्याचा निकाल कळवला गेला होता. तुमच्याकडेही विहिरींचे आकडे असतील तर ते विहीर वापरणाऱ्यांच्या हातात द्या.

त्या मुलीने पान वाचून दाखवलं तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. पहिल्या पंपाचं साल आलं तशी त्यांनी मान हलवली. ‘अगं, तो पंप धाकट्याच्या आधीचा नाही. गाठ आधी बांधली, पंप मागून आला. पहिला पंप पलीकडच्या शेतातला, तो तू धरलाच नाहीस.’ मुलीने वही काढली, पलीकडच्या शेताच्या मालकाचं नाव विचारलं, आणि संध्याकाळची गाडी सोडून तिकडे गेली.